'असलं वाचून खचायला होतं' या मताविषयी

भयाण भविष्य रंगवणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल एक मत हल्ली सर्रास ऐकू येतं. अशी पुस्तकं माणसाला खचवतात, खचलेला माणूस हातपाय गाळतो, तेव्हा ती वाचू नयेत आणि तरुण मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नयेत. पालघर-बोईसरकडे या मताला एक पुरवणीही जोडली जाते : आपण आधीच अणुभट्टी आणि केमिकल कंपन्यांच्या शेजारी राहतो, रात्री वास सुटला की खिडक्या लावून घेतो, वर आणखी असली पुस्तकं वाचून जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा? शिक्षक असं म्हणतात, ग्रंथालय चालवणारे म्हणतात, तारापूर एमआयडीसीत पाळी करून आलेले वाचकही म्हणतात. ही माणसं विचारी आहेत आणि त्यांच्या बोलण्यामागे मुलाबाळांची काळजी आहे. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी जमेल तितक्या बळकटपणे मांडतो.

मानसशास्त्रातला सर्वांत वजनदार दाखला त्यांच्याच बाजूचा आहे. १९६७ च्या सुमाराला अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी चुकवता येणार नाहीत असे विजेचे झटके त्यांना दिले. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, की मधला बुटका अडसर ओलांडला तर झटका टळत होता. बरीच कुत्री उठलीच नाहीत, पडल्या जागी सोसत राहिली. या अवस्थेला त्यांनी 'शिकलेली असहायता' म्हटलं. पूर्वपक्षाचं म्हणणं असं, की ऑर्वेलच्या '१९८४'मध्ये विन्स्टन स्मिथला शेवटी आतून मोडलेला पाहणं हा वाचकाच्या मनाला दिलेला असाच झटका आहे. दुसरा दाखला २००९ चा. ब्रिटनमध्ये सॅफ्रन ओ'नील आणि सोफी निकोल्सन-कोल यांनी हवामानबदलाच्या चित्रांचा लोकांवर काय परिणाम होतो ते तपासलं. भीतिदायक चित्रं लक्ष वेधून घेतात, पण हा प्रश्न आपल्या हाताबाहेरचा आहे असंही मनात ठसवतात, असं त्यांना आढळलं.

दोन्ही दाखले खरे आहेत. पण ते पुढेपर्यंत वाचले तर पूर्वपक्षाच्या विरोधात जातात.

सेलिगमन आणि मायर यांनी आपल्या प्रयोगांना पन्नास वर्षं होत असताना, २०१६ साली, मेंदूविषयी दरम्यान हाती आलेल्या माहितीच्या आधारे आपलीच मांडणी उलटी केली. लांबलेल्या आघातापुढे गप्प पडून राहणं शिकावं लागत नाही, ती प्राण्याची मूळची प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते आपल्या हातात काही आहे हे, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे असहायता कोणी आपल्यात भरत नाही. ती असतेच, आणि ती घालवण्याचं शिक्षण मिळालं नाही तर टिकते. कुत्र्यांना निपचित पाडलं ते झटक्यांनी : एकामागून एक, अर्थ न लागणारे, ज्यांच्या आगेमागे काहीच नाही असे झटके. याला समांतर काही शोधायचं तर ते कादंबरीत सापडणार नाही. ते आपल्या रोजच्या वर्तमानपत्रात सापडेल.

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या तीन तारखा घेऊ. ११ जानेवारी २०२० : स्फोट, आठ मृत्यू. २६ ऑक्टोबर २०२२ : स्फोट, तीन मृत्यू. २१ ऑगस्ट २०२५ : वायुगळती, चार मृत्यू. या दरम्यान लहानमोठ्या आगी किती, याचा हिशेब इथल्या माणसाच्या डोक्यात राहत नाही. धडाका होतो, तावदानं थरथरतात, लोक गच्चीवर येतात, 'कुठला झोन?' एवढं विचारतात, धूर कुठून येतोय ते पाहतात आणि नातेवाइकांना फोन लावतात. दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा आणि मदतीची रक्कम छापून येते. चार दिवसांनी वीजबिल आणि शाळेची फी पुन्हा पुढे येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. ती बातमीही याच वाटेने गेली. यात कोणाचा निर्दयपणा नाही. बातमीची घडणच अशी असते की ती उद्या शिळी व्हावी. तिला आधी आणि नंतर नसतं. मेलेल्या कामगाराची सायकल चार महिन्यांनी कोणी वापरायला घेतली हे ती सांगत नाही, सांगू शकत नाही. अशा शेकडो बातम्यांनी मन बधिर होतं. ही बधिरता वर्षानुवर्षं साचत असताना कोणाला ती काळजी करण्यासारखी वाटत नाही, आणि एखाद्या कादंबरीने दोन रात्री झोप उडवली की मात्र लोक धास्तावतात. मुंग्या आलेल्या पायात रक्त परत येताना कळ येते, तशी ही कळ आहे. ती आली म्हणून पाय बिघडला असं कोणी म्हणत नाही.

आता ओ'नील आणि निकोल्सन-कोल यांच्या अभ्यासाकडे वळू. माणसांना सहभागी करून घेणारी चित्रं कोणती, हेही त्यांनी पाहिलं. जवळची, ओळखीची, रोजच्या जगण्याशी जोडता येणारी. चांगली भयभविष्याची कादंबरी नेमकं हेच करते. नेव्हिल शूट यांची १९५७ ची 'ऑन द बीच' घ्या. अणुयुद्ध होऊन गेलेलं आहे. ते एका पानावरही दिसत नाही. उत्तर गोलार्धात कोणी उरलेलं नाही आणि किरणोत्सारी हवा हळूहळू दक्षिणेकडे सरकते आहे. मेलबर्नमधल्या माणसांच्या हातात थोडे महिने आहेत. ती माणसं काय करतात? मेरी होम्स पुढल्या वर्षी बागेत काय लावायचं ते ठरवते. अमेरिकन पाणबुडीचा कप्तान ड्वाइट टॉवर्स दुकानात जाऊन मुलासाठी मासे धरायची काठी विकत घेतो, बायकोसाठी ब्रेसलेट घेतो. ती तिकडे अमेरिकेत कधीच संपली आहेत हे त्याला ठाऊक आहे. पुस्तकात आरडाओरडा नाही, प्रेतांचे ढीग नाहीत. ती काठी मात्र वाचणाऱ्याच्या छातीत रुतून बसते. भट्टीपासून १६ किलोमीटरच्या आपत्कालीन पट्ट्यात राहणाऱ्या आणि दारं-खिडक्या बंद करून घरात बसायच्या सूचनांची रंगीत तालीम ज्यांनी पाहिली आहे, अशा आपल्यासारख्यांच्या तर विशेषच.

ही जी रुतण्याची अवस्था, तिचं नेमकं स्वरूप काय? इथे आपल्याच साहित्यशास्त्राला विचारावं, कारण त्याने या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं लढवलेलं आहे. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त म्हणतो, की करुणरसातही आनंदच असतो. नसता तर त्याकडे कोणी वळलं नसतं आणि रामायण हे दुःखाचं कारण ठरलं असतं. त्याला साक्षी कोण, तर सहृदय वाचक. हा युक्तिवाद मराठीत पुढे इतका रुळला, की शोकांतिका वाचून खरंखुरं दुःख झालं असं म्हणणाऱ्याला आपण रसिक मानायला कचरतो. मला त्याच्या दोन शतकं आधीचे रामचंद्र आणि गुणचंद्र अधिक प्रामाणिक वाटतात. 'नाट्यदर्पणा'त हे दोघे जैन पंडित स्वच्छ सांगतात, की रस सुखाचेही असतात आणि दुःखाचेही. करुण, रौद्र, बीभत्स, भयानक हे दुःखाचेच. जो चमत्कार वाटतो तो कवीच्या आणि नटाच्या कौशल्याचा. तेव्हा कादंबरी वाचून रडलेल्या मुलीला 'अगं, यातही आनंद असतो' असं सांगू नये. तिला दुःख झालं आहे. तिथपर्यंत पूर्वपक्षाचं आणि माझं एकमत आहे.

मतभेद पुढे आहे. दुःख म्हणजे हताशा हे पूर्वपक्ष गृहीत धरतो. भरताने 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात एक फार मोलाचा भेद केला आहे. विरहातला विप्रलंभ शृंगार आणि करुण बाहेरून सारखे दिसतात : तेच अश्रू, तीच चिंता, तेच झोप उडणं. पण करुण निरपेक्ष असतो, तिथे गेलेलं परत येण्याची आशा नसते. विप्रलंभ सापेक्ष असतो. प्रिय माणूस दूर असतं, हातातून सुटतंय असं वाटतं, पण संपलेलं नसतं. भयभविष्याची कादंबरी वाचून होणारं दुःख मी या दुसऱ्या जातीत बसवतो. ड्वाइट टॉवर्सचा शोक त्याच्यापुरता निरपेक्ष आहे. वाचकाचा मात्र सापेक्ष आहे, कारण पुस्तक मिटल्यावर त्याची बायको स्वयंपाकघरात असते, मुलगा खेळून घरी यायचा असतो, समुद्र जागेवर असतो. जे अजून गेलेलं नाही त्याच्यासाठीची ही ओढ आहे.

ते पुस्तक वाचल्यानंतरच्या दिवसांत मी दांडी-नवापूरच्या किनाऱ्याला गेलो होतो. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, नेहमीसारखे, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. कोळणी खालून हात वर करून एकेक जोडी सरकवत होत्या. लहानपणापासून हे पाहतो आहे आणि म्हणूनच कित्येक वर्षांत ते पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मी प्रत्येक जोडीकडे पाहत उभा राहिलो. याला खचणं म्हणत असतील तर मग प्रेमाला दुसरं नाव शोधावं लागेल.

निरपेक्ष शोक कसा असतो तेही याच किनाऱ्यावर पाहायला मिळतं. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी, म्हणजे २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन संचांसाठी, अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसन वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसाला जुन्या गावाबद्दल जे वाटतं तो करुण आहे. ते गाव आता परतायचं नाही. त्याच्या दुःखापुढे वाचकाच्या दुःखाची मिजास दाखवू नये. पण दोन्ही दुःखं एकाच मापाने मोजून दोन्हींना 'नैराश्य' हा एकच शिक्का मारणं ही वैचारिक हयगय आहे. ज्याचं गेलं त्याला सांत्वन द्यावं. ज्याचं जायचं आहे त्याला सांत्वन देण्याची घाई करू नये, त्याची ओढ जागी राहू द्यावी.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो बोईसरमधूनच येतो. 'तुम्ही म्हणता ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ठीक. ज्याच्या खाडीत रंगीत पाणी येतं त्याला कादंबरीची काय गरज? तो तर तिच्यातच राहतो.' यात बरंच तथ्य आहे. इथल्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मच्छीमारांनी. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरणीय भरपाई ठोठावली. ते कागद उभे करायला कोणी कादंबऱ्या वाचल्या होत्या असा माझा दावा नाही. त्यांच्यासमोर समुद्र होता, जाळं होतं, जाळ्यात काय येतं आणि काय यायचं बंद झालं ते होतं. पण आपण उरलेले लोक, ज्यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत, त्यांच्यासमोर ते नाही. आपल्याला ते दाखवायला पुस्तक लागतं. शिवाय जो सोसतो त्याला सोसण्याचं चित्र नको असतं, हेही आपण त्याच्या वतीने परस्पर ठरवलेलं आहे. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्ये आलं, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये. दोन्हींच्या वेळी इतकं काळं, इतकं बीभत्स कशाला, असा सूर निघालाच. ज्यांचं जगणं त्यांत होतं ते वाचक मात्र खचले नाहीत. त्यांनी ती पुस्तकं उचलून धरली आणि स्वतः लिहू लागले.

आणखी जवळचा दाखला हवा असेल तर तो तलासरी-डहाणूचा आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये प्रसिद्ध झालं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ती कादंबरी नाही, घडलेल्याची हकिगत आहे. पण पहिली काही प्रकरणं वाचा. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या दारात राबणारे लग्नगडी, वेठ, मारहाण, बायकांची विटंबना. कोणत्याही कल्पित भयराज्याहून हे सौम्य नाही, आणि ते मुंबईपासून काही तासांवर होतं. मी ज्यांना ज्यांना हे पुस्तक दिलं त्यांपैकी बहुतेकांनी मध्येच थांबून श्वास घेतला. तेच पुस्तक २३ मे १९४५ च्या झरीच्या सभेपर्यंत घेऊन जातं, जिथे वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. आपल्या हातात काही आहे, हे शिकणं म्हणजे काय याचं इतकं ठसठशीत उदाहरण मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळणार नाही. कोणी म्हणेल, तिथे शेवटी जागृती आहे, ऑर्वेलकडे तीही नाही. खरं आहे. पण आधीची काळी प्रकरणं गाळून फक्त झरीची सभा वाचायला दिली, तर ती सभा एक तारीख होऊन उरते. आणि ऑर्वेलने न लिहिलेली सभा भरवणं वाचकाकडे राहतं.

कादंबरीच्या बाजूने जास्तीचे दावेही मला करायचे नाहीत. २०१३ मध्ये किड आणि कास्टानो यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं, की साहित्यिक कथा वाचल्याने दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता वाढते. पुढे इतरांनी तेच प्रयोग केले तेव्हा तो परिणाम दिसेना. म्हणून 'वाचनाने माणूस चांगला होतो' या गोड दाव्यावर मी माझी बाजू उभी करत नाही. २०१८ मध्ये कॅल्व्हर्ट जोन्स आणि सीलिया पॅरिस यांनी भयभविष्याच्या कथांवर प्रयोग केले. त्यांत निघालं ते वेगळंच होतं : अशा कथांनंतर वाचक-प्रेक्षक निष्क्रिय झाले नाहीत, उलट अन्यायाविरुद्ध टोकाची, प्रसंगी हिंसक कृतीही समर्थनीय मानायला ते अधिक तयार झाले. काळजी करायचीच असेल तर या बाजूने करावी. भरताने तेहेतीस संचारी भाव सांगितले आहेत. पूर्वपक्षाला त्यांतले विषाद, निर्वेद आणि जडता एवढेच दिसतात, अमर्ष आणि उग्रता दिसत नाहीत. धृती आणि मतीही त्याच यादीत आहेत. कोणता भाव टिकेल हे बऱ्याच अंशी वाचल्यानंतर कोणाशी काय बोलणं होतं त्यावर ठरतं, आणि म्हणूनच ही पुस्तकं चोरून, एकट्याने वाचायची वेळ मुलांवर आणू नये.

खिन्नता आणि कृती एका माणसात एकत्र नांदतात, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी अणुयुद्धावरचा 'द डे आफ्टर' हा चित्रपट पाहिला आणि आपण फार खिन्न झाल्याची नोंद रोजनिशीत केली. चार वर्षांनी त्यांनीच गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडीत काढण्याच्या करारावर सही केली. चित्रपटामुळे करार झाला असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. पण खिन्नतेने त्यांचा हात लुळा पडला नाही एवढं नक्की.

मराठीत भयभविष्य रंगवण्याचं हे काम नंदा खरे यांनी 'उद्या'मध्ये केलं. २०१४ ची ही कादंबरी. पेशाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाने परग्रह, यंत्रमानव असलं काही न घेता आजचीच सूत्रं थोडी पुढे ओढली : माणसाच्या हालचालींची नोंद ठेवणारी यंत्रणा, कंपन्यांच्या हाती जाणारी सत्ता, घटलेल्या मुलींचा समाज. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि समाजाने मला पुरेसं दिलं आहे अशा अर्थाचं सांगून त्यांनी तो नाकारला. २०२२ मध्ये ते गेले. 'उद्या' वाचून अस्वस्थ झालेले वाचक मला भेटतात आणि बहुधा माफी मागितल्यासारखं सांगतात, 'पुस्तक चांगलं आहे, पण त्रास झाला.' त्या 'पण'ची गरज नाही. लेखकाने अभियंत्याच्या शिस्तीने, कुठला भार कुठे येतो आणि कुठे तडा जाईल ते दाखवलं. तडा पाहून त्रास होणं हे वाचनाचं यश आहे. अपघाताच्या बातमीत जे मिळत नाही ते इथे मिळतं : या अवस्थेला आपण कोणत्या पायऱ्यांनी आलो आणि कोणत्या पायरीवर कोणी 'नाही' म्हणू शकलं असतं.

काही माणसांना ही पुस्तकं देऊ नयेत, हे मान्य. जो आधीच नैराश्याच्या आजाराशी झगडतो आहे, ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्याचं वय अजून दहा-बारा आहे, त्याला नकोत. औषधाचीही वेळ आणि मात्रा पाहिली जाते. पण अपवादांवरून सर्वांसाठी नियम करणं, आणि तोही कारखान्यांच्या, अणुकेंद्राच्या आणि आता वाढवणच्या ७६,२०० कोटींच्या बंदराच्या सावलीत वाढणाऱ्या पिढीसाठी, मला धोक्याचं वाटतं. या मुलांना पुढची पन्नास वर्षं इथेच निर्णय घ्यायचे आहेत. त्यांना दुःखापासून वाचवणं आपल्या हातात नाही. दुःख ओळखायला शिकवणं आहे.

म्हणून पालघर, बोईसर, डहाणूच्या ग्रंथालयांना आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या मराठीच्या शिक्षकांना विनंती आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना 'उद्या' द्या, 'जेव्हा माणूस जागा होतो' द्या, आणि वाचून झाल्यावर एक तास त्यांच्याबरोबर बसा. पहिली पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही तरी चालेल. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या ग्रंथालयात ही दोन पुस्तकं नसतील, तर पुढच्या खेपेला मागणीच्या वहीत त्यांची नावं लिहून या.